"ताई, नॉर्मल आहे ना?" : एका शब्दाची किती मापं?

काचपट्टी (धागाकर्ती)

मी मिरजेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं काम करते. सकाळी रक्त काढायचं, नमुने मशिनला लावायचे आणि दुपारनंतर खिडकीत बसून रिपोर्ट द्यायचे. पाकीट हातात पडलं की ते उघडायच्या आधीच समोरचं माणूस विचारतं, "ताई, नॉर्मल आहे ना?" रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. तरी प्रश्न मलाच येतो, दिवसातून पन्नास वेळा.

गेल्या मंगळवारी एकापाठोपाठ एक दोघी आल्या. पहिली चौतिशीची असेल. तिच्या रिपोर्टमध्ये सगळं ठीक होतं, फक्त लिंफोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ४१ टक्के. आमच्या कागदावर मर्यादा २० ते ४०. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापला जातो आणि त्याच्यापुढे चांदणी येते. ती चांदणी बघून बाई बाकावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "नॉर्मल नाहीये म्हणजे काय असेल हो?" मी पाणी दिलं, डॉक्टरांना फोन जोडून दिला. डॉक्टर तिच्याशी बोलले तेव्हा ती उठली.

दुसरीचं हिमोग्लोबिन ८.६. तिने कागदावर नजर टाकली, घडी घालून पिशवीत ठेवला. मी म्हटलं, "अहो, हे कमी आहे, आजच दाखवा." तर म्हणते, "नेहमीच एवढं असतं माझं. आमच्या घरात सगळ्या बायकांचं असंच. नॉर्मल आहे ते." आणि गेलीसुद्धा.

घरी जाताना माझ्या डोक्यात तेच. एकीला काही झालेलं नसताना ती रडली, आणि जिला खरंच उपचार हवेत ती निवांत गेली. दोघींना फसवणारा शब्द एकच. घरी पोचले तर दहावीतला मुलगा सेमी-इंग्रजीचं विज्ञान घेऊन बसलेला. म्हणतो, "आई, आरशाला नॉर्मल काढायचा म्हणजे काय? आरसा काय आजारी असतो?"

म्हणून हा धागा. तुमच्या कामात हा शब्द कुठल्या अर्थाने येतो ते लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय, कारण उद्या पुन्हा खिडकीत बसायचंय.

---

खडूफळा

काचपट्टीताई, चिरंजीवांचं उत्तर मी देतो. ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, तेही मराठी माध्यमात. आमच्या पुस्तकात त्या नॉर्मलला सुरेख शब्द आहे: स्तंभिका. आरशाच्या पृष्ठभागावर जिथे किरण पडतो, त्या बिंदूतून पृष्ठभागाला लंब उभी केलेली रेषा. खांबासारखी उभी, म्हणून स्तंभिका. "आपाती किरण, परावर्तित किरण आणि स्तंभिका एकाच प्रतलात असतात" हे वाक्य आम्ही पाठ करून घ्यायचो आणि मुलांना ते दिसायचंही, कारण शब्दातच खांब आहे.

सेमीच्या मुलांचं नेमकं इथे अडतं. आपाती कोन मोजायचा असतो स्तंभिकेपासून. मुलं मोजतात आरशापासून. किरण आरशाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर आपाती कोन ६० अंश, पण निम्मा वर्ग ३० लिहितो. मराठी माध्यमाची मुलंही ही चूक करायची, नाही असं नाही. पण "बाळा, खांबापासून मोज" म्हटलं की कळायचं. "नॉर्मलपासून मोज" म्हटलं तर पोर विचारात पडतं, कारण घरात नॉर्मल म्हणजे ताप उतरलेला.

मुलाला सांगा, आरसा आजारी नाही. त्याच्यावर एक खांब उभा करायचा आहे.

---

ओळंबा

सरांनी खांब म्हटलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी फक्त वाचतो इथे. आमचा सुतारकीचा धंदा, वडील आणि आजोबा दोघंही सुतार. मी आता बांधकामाची कामं घेतो.

हा शब्द मुळात आमचाच आहे, हे मला एका आर्किटेक्ट मॅडमनी साइटवर सांगितलं होतं. लॅटिनमध्ये नोर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. दोन हात काटकोनात जोडलेले, ते हत्यार. त्यावरून नॉर्मल म्हणजे गुण्यात असलेलं, काटकोनात बसलेलं. इंग्रजीतही आधी काटकोनाचाच अर्थ होता, "नेहमीचं, साधं" हा अर्थ १९ व्या शतकात रुळला. म्हणजे सरांची स्तंभिका हा जुना अर्थ आणि ताईंच्या खिडकीतला तो नवा.

आमच्याकडे आजही म्हणतात, "भिंत गुण्यात आहे का बघ." नवीन घराची आखणी करताना गुण्या छोटा पडतो, तेव्हा दोरीने करतो. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करायची, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. भरलं तर कोपरा गुण्यात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. गुण्या स्वतः बरोबर आहे का, हे कसं बघायचं? वडिलांनी मला आठवीत असताना शिकवलं. सरळ कडेची फळी घ्यायची. गुण्याचा एक हात कडेला टेकवून दुसऱ्या हाताने पेन्सिलीची रेघ मारायची. मग गुण्या उलटा करायचा, त्याच बिंदूवर लावायचा, पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या, तर गुण्याच गेलेला, आणि जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मा त्याचा दोष. खाली पडलेला गुण्या वडील हे केल्याशिवाय परत वापरायचे नाहीत.

ताई, तुमच्या कागदावर जो २० ते ४० छापलाय, तो गुण्या कुणी आणि कशावर तपासला? मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

---

काचपट्टी

ओळंबादादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. प्रश्न बरोबर ठिकाणी लागलाय. मला जेवढं शिकवलं तेवढं सांगते: ज्यांना आजार नाही अशा बऱ्याच लोकांचं रक्त तपासतात, आकडे ओळीने लावतात, आणि खालचे अडीच टक्के व वरचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के धरतात. ती मर्यादा. यापुढचं गणितवाल्यांनी सांगावं.

---

मध्यगा

मी संख्याशास्त्र शिकवते, सध्या पुण्यात. ताईंनी बरोबर सांगितलंय, आणि त्या रडलेल्या बाईचं उत्तर त्यातच आहे.

मधले ९५ टक्के धरले म्हणजे उरलेले ५ टक्के लोकही निरोगीच होते. त्यांचं रक्त निरोगी म्हणूनच घेतलं होतं. आपण त्यांना फक्त रेषेबाहेर ठेवलं. म्हणजे एका चाचणीत धडधाकट वीस माणसांमागे एकाला चांदणी मिळणारच. आता पॅकेजमध्ये २० चाचण्या असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर सगळ्याच्या सगळ्या मर्यादेत यायची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के निरोगी लोकांच्या कागदावर कुठे ना कुठे एक तरी चांदणी दिसेल. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून आकडा थोडा बदलतो, पण एखादी चांदणी दिसणं अजिबात दुर्मीळ नाही. ४० च्या जागी ४१ आला म्हणून पदर डोळ्यांना लावावा लागणं याचं मला फार वाईट वाटलं.

आता आमचा नॉर्मल. घंटेच्या आकाराचा जो वक्र असतो, त्याला नॉर्मल वितरण म्हणतात, मराठीत प्रसामान्य वितरण. १७३३ मध्ये द म्वाव्ह्रने तो नाणेफेकीसारख्या गणितात गाठला, पुढे लाप्लास आणि गाउस यांनी मोजमापातल्या चुकांसाठी वापरला. नॉर्मल हे नाव रुळवण्यात कार्ल पिअरसनचा मोठा हात. आणि १९२० मध्ये त्याच पिअरसनने लिहिलं, की या नावाचा तोटा असा की बाकीची सगळी वितरणं जणू विकृत आहेत असं लोकांना वाटायला लागतं. ज्याने नाव चालवलं त्यालाच ते बोचलं.

पगार या वक्रात बसत नाहीत, गावांची लोकसंख्या बसत नाही, रक्तातले कितीतरी घटक बसत नाहीत. त्यांच्यात बिघाड काहीच नाही, त्यांचा आकार वेगळा आहे. मी वर्गात आता प्रसामान्यच म्हणते. उपसर्गामुळे मुलं क्षणभर थांबतात, आणि ते थांबणं मला हवं असतं.

---

कोरडवाहू

आटपाडी तालुक्यातून. आमच्या कानाला नॉर्मल हा शब्द दरवर्षी एप्रिलात पडतो. "यंदा मान्सून नॉर्मल."

त्याची व्याख्या मी एकदा बसून नीट समजून घेतली. जून ते सप्टेंबर, अख्ख्या देशाचा मिळून पाऊस. १९७१ ते २०२० ची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की नॉर्मल. जिल्ह्याचा हिशेब वेगळा. तिथे सरासरीच्या १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तपर्यंत नॉर्मल.

गणित चुकीचं नाही. देशाचा अंदाज देशासाठी आहे, माझ्या बांधासाठी नाही. पण ऐकणारा तो आपल्या बांधाला लावतो, मीही लावत होतो. एका वर्षी बाजरी पेरली, उगवून आली, आणि मग ३४ दिवस थेंब नाही. पानं सुरळी करून उभी होती, दुपारी रानात गेलं की कागदासारखी वाजायची. नंतर सप्टेंबरात तीन दिवसांत एवढा कोसळला की बांध-ताली फुटल्या. हंगामाची बेरीज केली तर आमच्या महसूल मंडळाचा पाऊस नॉर्मल. बेरजेत खंड दिसत नाही. बाजरी काही बेरीज पीत नाही, तिला त्या त्या आठवड्यात पाणी लागतं.

आमची आजी नक्षत्रावर बोलायची. "मृग कोरडा गेला, आर्द्रा बरी, पुष्य रुसला." तिच्या बोलण्यात अंदाज नव्हता, पण कधी पडला आणि कधी नाही हे सगळं असायचं. मी हल्ली वहीत तसंच लिहितो, नक्षत्र आणि मिलिमीटर दोन्ही.

---

दुपारपाळी

मी स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे हा शब्द बाटलीवर असतो: नॉर्मल सलाईन. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, ०.९ टक्के. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी बारावीचं रसायनशास्त्र डोक्यात घेऊन आले होते. तिथे नॉर्मल द्रावण म्हणजे लिटरमध्ये एक ग्रॅम-सममूल्य (पदार्थाचं रासायनिक हिशेबाचं वजन). मिठाचं ते येतं ५८.५ ग्रॅम. म्हणजे रसायनवाल्यांचं नॉर्मल मीठपाणी आमच्या नॉर्मल सलाईनच्या सहापटीहून जास्त खारं. शिरेतून गेलं तर माणूस दगावेल. मी सिस्टरना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, इथे नॉर्मल म्हणजे रक्ताशी जुळणारं, तांबड्या पेशी ज्यात फुगत नाहीत आणि आकसत नाहीत असं. तेव्हापासून मी तोंडी ऑर्डर घेताना "पॉइंट नाइन" असं उलट म्हणून घेते. आकडा बोललेला बरा.

तापाचंही सांगते. ९८.६ हा आकडा आपण देवाने दिल्यासारखा धरतो. लायप्त्सिगच्या वुंडरलिख डॉक्टरांनी सुमारे २५,००० रुग्णांची तापमानं काखेत मोजून १८६८ मध्ये पुस्तक काढलं, त्यात ३७ सेल्सिअस आलं. ते फॅरनहाइटमध्ये नेलं की ९८.६ होतं. तो पॉइंटनंतरचा ६ रूपांतरातून आलेला आहे. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, म्हाताऱ्या माणसांत आणखी कमी. ७८ वर्षांच्या आजोबांना ९९.५ असेल आणि ते गप्प गप्प असतील, तर मी "नॉर्मलच आहे की" म्हणत नाही.

---

अंगणवेल

इतके दिवस वाचत होते. दुपारपाळीताईंच्या प्रतिसादानंतर लिहावंसं वाटलं.

"नॉर्मल झाली की सिझर?" बाळंतीण घरी आली की बाळ बघायच्या आधी हा प्रश्न. माझं सिझर झालं. बाळाचे ठोके कमी होत होते, वीस मिनिटांत आत नेलं. मुलगी रडली तो आवाज मी अजून ऐकू शकते. आणि मग बारशापर्यंत प्रत्येक बाई विचारणार, मी सांगणार, आणि ती "असू दे" म्हणणार. असू दे कशाला? आम्ही दोघी जिवंत आहोत. माझ्या आत्याच्या वेळी सोय नव्हती, तिचं पहिलं मूल गेलं.

"नॉर्मल"च्या उलट काय, हे कुणी तोंडाने बोलत नाही, पण बाळंतिणीला ते ऐकू येतं. मी आता दुसऱ्या कुणाकडे गेले की "तुझी तब्येत कशी आहे?" एवढंच विचारते. ज्यांना वेगळं सांगायचंच असेल त्यांनी "खालून झाली, पोटातून झाली" म्हणावं, आमच्या गावाकडे म्हणतातच.

---

चौकट

डेटाबेसमधलं थोडक्यात. तिथे नॉर्मल करणं म्हणजे एकच माहिती दहा ठिकाणी न ठेवणं. १९७० च्या सुमारास एडगर कॉडने हे नियम मांडायला सुरुवात केली. ताईंच्याच लॅबचं उदाहरण घ्या. प्रत्येक रिपोर्टच्या ओळीत पेशंटचा फोन लिहिला, आणि उद्या फोन बदलला, तर जुन्या सगळ्या ओळी शोधून बदलाव्या लागतील. एक राहिली की घोळ. म्हणून पेशंटची यादी वेगळी, चाचण्यांची वेगळी, आणि मध्ये एक क्रमांक. आमच्या नॉर्मलचा "नेहमीच्या"शी काही संबंध नाही. उलट ज्या तक्त्यांवर मला काम मिळतं ते नेहमी अस्ताव्यस्तच असतात. हा गुण्याचाच अर्थ आहे, ओळंबादादांचा.

---

खडूफळा

चौकट यांनी गुण्याची आठवण केली म्हणून एक भर. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेलाही नॉर्मल स्कूल म्हणत. फ्रान्समध्ये १७९४ पासून एकोल नोर्माल, म्हणजे जिथे शिकवण्याचा नमुना घालून दिला जातो ती शाळा. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात नॉर्मल स्कूलमध्येच अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं. मी डी.एड.ला असताना हे वाचलं आणि वाटलं होतं की साध्या शाळेत शिकल्या असतील. अर्थ कळल्यावर अंगावर काटा आला. ज्या काळात मुलीने अक्षर गिरवणंच लोकांना पाप वाटायचं, त्या काळात एक बाई गुण्या हातात घेऊन उभी राहिली.

---

निशिगंध

माझी मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही. ती नऊ वर्षांची आहे, यंत्र लावते, खुणांनी बोलते, चित्रं काढते.

एका शाळेत प्रवेशाला गेलो होतो. तिथल्या बाई चांगल्या होत्या, आवाजात माया होती. म्हणाल्या, "नॉर्मल मुलांमध्ये हिला जड जाईल." मुलगी त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिला ओठ वाचता येतात. बाहेर आल्यावर तिने खुणेने विचारलं, ती कोणती मुलं? मी काय सांगणार होते.

मला कुणाशी भांडायचं नाही. फक्त एवढं सांगायचंय, की जे म्हणायचं आहे ते म्हणा. "ऐकू येणारी मुलं" म्हणा. त्यात माझ्या मुलीला एकच गोष्ट येत नाही, ऐकणं. "नॉर्मल मुलं" म्हटलं की ती सगळ्याच्या बाहेर जाते.

---

ओळंबा

निशिगंधताई, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

---

मध्यगा

निशिगंध, वाचून थांबले. दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

काचपट्टीताईंच्या दुसऱ्या बाईबद्दल लिहायचं राहिलं होतं. हिमोग्लोबिन ८.६ ची. तिचं म्हणणं "आमच्यात सगळ्यांचं असंच", आणि दुर्दैवाने ते खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! म्हणजे "बहुतेकींचं जसं असतं तसं" हा अर्थ घेतला तर रक्तक्षयच नॉर्मल ठरेल. तिथे रेषा बहुतेकांवरून आखून चालत नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ ही रेषा, मग तिच्याखाली कितीही जणी असोत.

एकाच कागदावर हे दोन्ही चालतं. लिंफोसाइट्सपुढची मर्यादा निरोगी लोकांत काय आढळतं ते सांगते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेपुढचा (HbA1c) ६.५ टक्क्यांचा आकडा मात्र कुठून पुढे डोळ्यांना इजा व्हायला लागते ते पाहून ठरवलाय. कोलेस्टेरॉलचा २०० ही धोक्याचा हिशेब करूनच आलाय. आणि वर रकान्याचं नाव एकच, "नॉर्मल".

---

काचपट्टी

मध्यगाताई, १९ वर्षं तो रकाना छापतेय, हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी आमच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, नव्या पद्धतीत "संदर्भ मर्यादा"च लिहायला हवं, आपण बदलू. मग वाटलं, शब्द बदलून खिडकीतल्या बाईला काय कळणार?

---

कोरडवाहू

काही कळणार नाही. माझ्या आईला "संदर्भ मर्यादा" वाचून दाखवा, ती म्हणेल, "पण नॉर्मल आहे ना?" नॉर्मल हा शब्द आता आमच्या घरातला आहे, तो जाणार नाही. शब्दाखाली एक सरळ वाक्य घाला.

---

अंगणवेल

"पल्ला" चालेल का? संदर्भ पल्ला?

---

खडूफळा

पल्ला गाठायचा असतो. पेशंट म्हणेल, मी ४० चा पल्ला पार केला, बरं झालं. मर्यादा ठीक आहे. कोरडवाहूंचं मात्र खरं, वाक्यच हवं.

---

काचपट्टी

सगळ्यांचं वाचून डॉक्टरांसोबत बसून हे ठरलं. रकान्याचं नाव "संदर्भ मर्यादा". कागदाच्या तळाशी, रिपोर्टपेक्षा मोठ्या अक्षरात:

"यातल्या बऱ्याच मर्यादा म्हणजे १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांत आढळणारे आकडे. उरलेले ५ जणही निरोगी असू शकतात. हिमोग्लोबिन, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा वेगळ्या ठरवल्या आहेत, त्याबाहेर आकडा असेल तर 'नेहमीचंच आहे' म्हणून सोडू नका. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा."

आज पहिल्यांदा तो कागद गेला. एक मावशी होत्या, कवलापूरच्या. चष्मा काढून, पुन्हा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं. मग खिडकीत वाकून हळूच विचारलं, "म्हणजे मी त्या पाचांतली असेन?"

मी म्हटलं, "असू शकाल, मावशी. डॉक्टर साडेपाचला येतात, बसा, मी नंबर लावते."

८.६ वाल्या बाईंचा फोन नंबर आमच्या वहीत आहे. डॉक्टरांना विचारून उद्या सकाळी करणार आहे.